पहिल्यांदाच नॅरोबोट घेताय? आधी लॉक मोजा

प्रश्न: आम्ही कॉलेजपासूनचे आठ मित्र, सगळे पंचेचाळिशीच्या आसपास. पाच जण पुण्याहून येणार, तिघं इंग्लंडमध्येच आहोत. उन्हाळ्यात नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब, अरुंद बोट, भाड्याने घेऊन एका आठवड्यात स्टावरपोर्ट रिंग, म्हणजे फिरून निघालो तिथेच आणणारी जलवाट, पूर्ण करायचा बेत आहे, कारण तिच्यात नदी आणि कालवे दोन्ही येतात. बोट कुणीच चालवलेली नाही, दोघांना पोहता येत नाही. जमेल का? तयारी काय करावी?

उत्तर:

बोट जमेल, रिंग जमणार नाही. निदान पहिल्या खेपेला, एका आठवड्यात तरी नको. मी बर्मिंगहॅमला राहतो आणि गेले तेरा उन्हाळे मित्रांना घेऊन या भागात फिरतोय. पहिल्या वर्षी आम्हीही नकाशावर बोट फिरवून "पंच्याहत्तर मैलच तर आहेत" असं म्हटलं होतं. आठवड्याच्या शेवटी बोलण्याइतकंही त्राण कुणात उरलं नव्हतं, आणि दोघं तर एकमेकांशी बोलतच नव्हते.

चूक मैल मोजण्यात असते. कालव्यावर वेगमर्यादा ताशी चार मैल आहे आणि प्रत्यक्षात पडतात तीनच. काठावर बांधलेल्या बोटींशेजारून जाताना त्याहूनही हळू जावं लागतं, नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात, खुंट्या उपटतात आणि खिडकीतून एक इंग्रज डोकं बाहेर येतं. शिवाय प्रत्येक लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद, वेळ खातो. इथला जुना हिशेब असा: जितके मैल तितके लॉक त्यात मिळवा आणि तीनने भागा, येतील तेवढे तास. सराईत लोक चारने भागतात. स्टावरपोर्ट रिंग साधारण ७५ मैलांची आहे आणि तिच्यावर शंभराहून जास्त लॉक आहेत. म्हणजे नवख्यांना साठ तास. आठवड्याचं भाडं म्हणजे शनिवारी दुपारी बोट ताब्यात आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत, मध्ये पूर्ण दिवस सहा. रोज दहा तास लॉकचे दरवाजे ढकलायला पुण्याहून कशाला यायचं?

रिंगला नकार द्यायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कालवा माणसाने बांधलेला आहे, त्याचं पाणी साधारण एका पातळीवर राहतं. रिंगमधली सेव्हर्न नदी मात्र वेल्सच्या डोंगरातून येते. तिकडे दोन दिवस धो धो पाऊस झाला की इथे कोरड्या उन्हात नदी चढते. कालवा जिथे नदीला मिळतो तिथे पातळीची पट्टी असते: हिरव्यात पाणी असेल तर जा, पिवळ्यात असेल तर जपून, तांबड्यात असेल तर थांबा. भाड्याच्या बोटींना पिवळ्यातही बहुतेक वेळा मनाईच असते. मोठ्या रिंगवर तुम्ही पाचव्या दिवशी नदीपाशी पोचलात आणि पट्टी तांबडी दिसली, तर मागे शंभर लॉक आणि पुढे बंद नदी. वूस्टरच्या कॅथीड्रलखाली नदीकाठच्या जुन्या दरवाजावर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, १७७० ची सगळ्यात वर. वूस्टरला पोचाल त्या संध्याकाळी त्या बघून या, मग मी हे का सांगतोय ते कळेल.

म्हणून तुमच्यासाठी माझा बेत वेगळा आहे: त्याच भागातली छोटी, मिड-वूस्टरशर रिंग. २१ मैल, ३३ लॉक. हिच्यातही सेव्हर्न आहे, अरुंद कालवा आहे, रुंद कालवा आहे, आणि काही बिनसलं तर आल्या वाटेने मागे फिरता येतं. ड्रॉइटविचचे दोन कालवे १९३९ मध्ये अधिकृतपणे सोडून दिले गेले होते. स्वयंसेवकांनी कित्येक दशकं गाळ उपसून, दरवाजे बसवून ते पुन्हा उभे केले आणि २०११ मध्ये ही रिंग जोडली गेली.

स्टोक प्रायरच्या आसपासहून बोट घ्या. पहिल्या संध्याकाळी फक्त तासभर चालवा आणि थांबा. दुसऱ्या दिवशी ॲस्टवुडचे सहा लॉक उतरताना हात बसतो. ते छोटे, एकामागोमाग, मध्ये शेतं आणि गाई. हॅनबरीला ड्रॉइटविचकडे वळणारा फाटा सोडून सरळ वूस्टरकडे जा. वाटेत डनहॅम्पस्टेडचा दोनेकशे मीटरचा बोगदा लागतो, त्यानंतर ऑफर्टनचे सहा लॉक. वूस्टरमध्ये सिडबरी लॉकला चिकटूनच कमांडरी नावाची जुनी वास्तू आहे. १६५१ च्या लढाईत राजाच्या पक्षाचं ठाणं तिथे होतं. मग डिग्लिस बेसिन, म्हणजे बोटी बांधायचं तळं, आणि दोन रुंद लॉक उतरून नदी.

इथे दोन पर्याय आहेत. पाणी हिरव्या पट्टीत असेल तर प्रवाहाबरोबर खाली ट्यूक्सबरीपर्यंत जा. सोळा मैल, वाटेत वूस्टरबाहेरचा एकच मोठा लॉक, आणि तो लॉक-कीपर चालवतो, तुम्हाला फक्त दोर धरून उभं राहायचं आहे. मध्ये अप्टनला जेवा. ट्यूक्सबरीला एव्हन नदी सेव्हर्नला मिळते. तिथलं ॲबी, म्हणजे जुन्या मठाचं चर्च, बघण्यासारखं आहे. एव्हनचा कारभार वेगळ्या ट्रस्टकडे आहे, तेव्हा तिच्यात शिरायचं असेल तर तो परवाना भाड्यात धरला आहे का ते बोट ठरवतानाच विचारा. दुसऱ्या दिवशी परत वर. पाणी चढलेलं असेल तर ट्यूक्सबरी सोडा, बेसिनमध्ये बोट बांधून वूस्टर बघा आणि आल्या वाटेने परत फिरा. मग उरलेल्या दिवसांत हॅनबरीहून ड्रॉइटविचपर्यंत जाऊन येता येतं. बेत फसल्यासारखं वाटणार नाही, असा हा एकच मार्ग मला या भागात माहीत आहे.

वूस्टरहून रिंग पुढे न्यायची असेल तर नदीने वर, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, हॉफर्डपर्यंत जायचं. मी मुद्दाम ही दिशा सांगतोय. प्रवाहाबरोबर जाताना कालव्याचं तोंड दिसेपर्यंत बोट त्याच्यापुढे गेलेली असते. उलट दिशेने इंजिन थोडं कमी केलं की नदीच तुम्हाला थांबवते. हाच नियम बांधण्यालाही: नदीत नेहमी प्रवाहाकडे तोंड करून काठाला लागायचं आणि पुढचा दोर आधी बांधायचा. प्रवाहाबरोबर येत असाल तर आधी पूर्ण वळा, मग काठाला या. हॉफर्डला उजवीकडे वळलात की ड्रॉइटविचचा बार्ज कॅनॉल, कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडलीने १७७१ मध्ये मिठाच्या वाहतुकीसाठी पूर्ण केलेला. दोन्ही बाजूंना उंच बोरू, त्यात बोट हरवल्यासारखी होते. गावातल्या बागेत फिरते पूल आहेत, ते तुम्हीच उघडायचे. पुढे एम-५ मोटरवेच्या पोटातून एका बुटक्या भुयारातून जायचं असतं. छपरावरच्या सायकली, कुंड्या, खुर्च्या आधी खाली घ्या आणि सुकाणूवरच्या माणसाने मान वाकवायची. हॅनबरीला चढून आलात की रिंग पूर्ण. ट्यूक्सबरीची फेरी आणि बोटीच्या धक्क्यापासूनचं जाणं-येणं धरून एकूण हिशेब पस्तीसेक तासांचा होतो, दिवसाला सहा. जूनच्या शेवटी इथे सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे सहा तास चालवूनही संध्याकाळ भरपूर उरते. शक्यतो जूनच घ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागते आणि भाडं, गर्दी दोन्ही वाढतात.

आता बोटीबद्दल. भाड्याच्या बोटीला परवाना लागत नाही. ताबा देताना तासभर शिकवतात. त्या तासात आठही जण हजर राहा. एकाने शिकायचं आणि बाकीच्यांनी सामान लावायचं, असं केलंत तर उरलेला आठवडा तो एकटाच चालवेल. बोट रुंदीला जेमतेम सात फूट आणि लांबीला साठ-सत्तर फूट असते. ही अजब आकृती ब्रिंडलीच्या काळातल्या सात फुटी लॉकमुळे आली. पंधरा-वीस टनांचं हे पोलाद मागून, एका लांब दांड्याने वळवायचं असतं. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. हे पाच मिनिटांत जमतं. जमायला वेळ लागतो तो पुढचा भाग: बोट मोटारीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही, मधोमध फिरते. नाळ, म्हणजे पुढचं टोक, वळणातून सुटली म्हणून खूश व्हावं, तर शेपूट झाडात गेलेलं असतं. बोटीला ब्रेक नाही. उलटा गिअर टाकायचा आणि वाट बघायची. उलट्या गिअरमध्ये सुकाणू जवळजवळ काही ऐकत नाही, तेव्हा त्याच्याशी भांडू नका. समोरून बोट आली की आपण उजवीकडे व्हायचं. रस्त्याच्या सवयीने डावीकडे गेलात तर दोन्ही बोटी एकमेकींना नमस्कार करतील.

आणि एक गोष्ट दारावर लिहून चिकटवा: बोट भिंतीवर आदळत असेल तर आदळू द्या. हात-पाय मध्ये घालून थांबवायची नाही. रंग पुन्हा लावता येतो.

लॉक नीट समजून घ्या, कारण सगळा धोका आणि सगळी मजा तिथेच आहे. लॉक म्हणजे पाण्याचा जिना, एक पायरी एवढाच. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. वर जायचं तर रिकाम्या हौदात शिरा, मागचे दरवाजे लावा, पुढच्या टोकाच्या झडपा हळूहळू उघडा. पाणी भरतं, बोट वर येते, दोन्हीकडचं पाणी एका पातळीवर आलं की दरवाजा आपसूक हलका होतो. त्याआधी चार माणसांनी ढकलला तरी हलत नाही. लाकडी तुळई हाताने नव्हे, पाठ लावून रेटायची. झडपा उघडायला एल आकाराची लोखंडी चावी असते, तिला विंडलास म्हणतात. ती झडपेच्या दांड्यावर कधीही सोडून जायची नाही. खटका सुटला तर ती गरगर फिरते आणि मनगट मोडू शकते. सोबत दोन जास्तीच्या मागून घ्या. एक तरी पाण्यात जाणारच.

खाली उतरताना हौदाच्या वरच्या टोकाला, पाण्याखाली, एक दगडी उंबरा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरू लागलं आणि बोटीचा मागचा भाग त्या उंबऱ्यावर राहिला, तर मागचा भाग अडकतो, पुढचा भाग खाली जातो आणि बोट मिनिटभरात पाण्याने भरू शकते. काठावर पांढऱ्या रेघेने त्याची हद्द दाखवलेली असते. बोट त्या रेघेच्या पुढे ठेवायची आणि सुकाणूवरच्या माणसाने तेवढा वेळ दुसरं काहीही करायचं नाही. आमच्या तिसऱ्या वर्षी मीच सुकाणूवर होतो. हातात चहा होता आणि काठावरच्या एका आजोबांशी गप्पा रंगल्या होत्या. बोट अर्धा हात मागे सरकली आणि करकर आवाज झाला. आजोबाच आधी ओरडले. झडपांवरच्या मित्राने क्षणात झडपा खाली टाकल्या, वरच्या उघडल्या, पाणी पुन्हा भरलं आणि बोट सुटली. भांडी फुटली, बाकी काही नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: लॉकमध्ये झडपेवरचा माणूस सुकाणूवाल्याकडे बघत राहतो आणि कुणीही "थांबा" म्हटलं की आधी झडप बंद, कारण मग विचारायचं. तुमच्यात हा शब्द मराठीत ठेवा. घाबरल्यावर माणसाला इंग्रजी सुचत नाही.

हॅनबरीजवळ दोन लॉक एकमेकांना जोडलेले आहेत, वरच्याचा खालचा दरवाजा हाच खालच्याचा वरचा. वर जाताना आधी वरचा हौद भरलेला आणि खालचा रिकामा आहे याची खात्री करा, मगच शिरा. तिथे फलक असतो. घाई न करता दोनदा वाचा.

कालव्यावरचे शिष्टाचार थोडे आहेत पण लोक ते मनावर घेतात. लॉक तुमच्या विरुद्ध भरलेला असेल, तर तो रिकामा करण्याआधी पलीकडून कुणी येतंय का ते जाऊन बघा. येत असेल तर त्यांना आधी जाऊ द्या, त्यांचं काम आणि लाखभर लिटर पाणी दोन्ही वाचतं. समोरच्या बोटीवर दोनच वयस्कर माणसं असतील तर तुमच्यातल्या दोघांनी जाऊन दरवाजे लावून द्या. रात्री आठ ते सकाळी आठ बांधलेल्या बोटीचं इंजिन चालवायचं नाही. काठावर उभं राहून तुमची फजिती बघणाऱ्यांना इथे गाँगूझलर म्हणतात. त्यांच्याकडे बघून हसा, उत्तम सल्ले मिळतात.

पोहता न येणाऱ्या दोघांबद्दल. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढा असतो, पडलं तर उभं राहायचं. लॉक आणि नदी खोल, तिथे सगळ्यांनीच लाइफ जॅकेट घालायचं, पोहणाऱ्यांनीसुद्धा, म्हणजे त्या दोघांना एकटं वाटत नाही. कुणी पडलं तर पहिलं काम इंजिन न्यूट्रल, कारण पंखा मागेच फिरत असतो. नदीवर जाताना नांगर दोराला बांधलेला आणि हाताशी असायला हवा, सामानाखाली नव्हे. आणि लेप्टो आपल्याला नवीन नाही. हाताला खरचटलं असेल तर झाका आणि दोर हाताळल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवा.

आठ जणांसाठी "आठ बिछान्यांची" बोट घेऊ नका. घेतलीच तर दोघं रोज जेवणाचं टेबल मोडून त्यावर झोपतात आणि सकाळी सगळ्यांत आधी उठवले जातात. सहा जण असाल तर तीच बोट ऐसपैस वाटते. आठच येणार असतील तर दोन छोट्या बोटी घ्या. रुंद लॉकमध्ये त्या शेजारी शेजारी बसतात, आणि भांडण झालं तर बोट बदलता येते. हे मी थट्टेत सांगत नाही. कडक सुटकेसही आणू नका, त्या ठेवायला जागाच नसते. गुंडाळता येतील अशा मऊ पिशव्या आणा.

पाण्याची टाकी रोज भरा. नळावर तास लागू शकतो, म्हणून ते काम जेवणाच्या वेळेला जोडा. कुणी स्पष्ट सांगत नाही ती गोष्ट सांगतो: संडासाची टाकी मर्यादित असते. मग-बादलीची सवय असलेल्या आठ जणांनी ती तीन-चार दिवसांत भरून दाखवल्याचं मी पाहिलं आहे. पाणी बेतानं वापरा, आणि टाकी उपसून देणारे घाट वाटेत कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी नकाशावर खुणा करून ठेवा. विजेची किटली आणि मिक्सर घरी ठेवा, बोटीच्या बॅटरीला ते झेपत नाहीत. शेगडी गॅसची असते. चटण्या, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला पुण्याहून आणा, बाकी सगळं वूस्टरमध्ये मिळतं. छोटा कुकर आम्ही नेतो. एकदा ड्रॉइटविचला संध्याकाळी तिसरी शिट्टी झाल्यावर शेजारच्या बोटीवरच्या बाई धावत विचारायला आल्या, कसला अलार्म आहे. वरण-भात खाऊनच गेल्या.

कामं रोज बदला. आमच्याकडे एक सुकाणू, दोन झडपांवर, एक पुढे चालत जाऊन पुढचा लॉक तयार करतो, एक स्वयंपाकाला आणि उरलेल्याने काही करायचं नाही, हेही कामच. बोटीवर तांडेल मात्र एका वेळी एकच. लॉकमध्ये दोघांनी हुकूम दिले की अपघात होतो.

आणि टार्डेबिग? स्टावरपोर्ट रिंग तुमच्या मनात भरली ती बहुतेक त्या तीस लॉकच्या रांगेमुळे, ब्रिटनमधली सर्वांत लांब. सव्वादोन मैलांत ती दोनशेवीस फूट चढते. तुम्ही बोट घ्याल तिथून ती जवळच आहे. परतीच्या संध्याकाळी काठाने चालत वर जा. रिकाम्या हाताने जाऊन यायला दोनेक तास लागतात. वरच्या लॉकजवळ एक फलक आहे: लेखक टॉम रोल्ट तिथे आपल्या बोटीवर राहत असे, १९४५ मध्ये रॉबर्ट एकमन हा दुसरा लेखक त्याला भेटायला आला, आणि पुढच्या वर्षी त्यांनी काढलेल्या संस्थेमुळे बंद पडत चाललेले हे कालवे वाचवण्याची चळवळ उभी राहिली. उतरताना एखादी बोट वर चढत असेल तर तिच्यासाठी चार-पाच लॉक उघडून द्या. तीस लॉक जमतील की नाही, ते तेव्हाच कळेल, आणि पुढच्या वर्षीचं तेव्हा ठरवा.

शेवटची रात्र मालकाच्या धक्क्यापासून तासाभराच्या आत बांधा, ॲस्टवुडचे लॉक चढून झाल्यावर. शनिवारी सकाळी नऊ म्हणजे नऊच असतात, आणि त्याआधी आठ जणांचं सामान, आंघोळी आणि फरशी पुसणं उरकायचं असतं.